डावीकडचा आवाज

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर मला विषय दिला होता, 'तंत्रज्ञान आणि आपलं जीवन'. मी म्हटलं, एवढा मोठा विषय मला पेलणार नाही. मी पुण्यात एका कंपनीत बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिते. त्याच्यावर बोलले तर तुम्ही जेवणाआधीच झोपाल. मी इअरफोनच्या वायरीवर बोलते. पलीकडं जरा वेळ शांतता होती. मग आवाज आला, 'वायरीवर? वीस मिनिटं?' हो, वायरीवर. आणि आपल्या वर्गातल्या एका मुलाचे मला सगळ्यांसमोर आभार मानायचे आहेत, तेही त्यातच येतील.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. स्टेजवरचे गायक कानात घालतात ते इन-इअर मॉनिटर. पूर्वी गायकाच्या पायाशी मोठे स्पीकर ठेवायचे, त्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून. १९९५च्या सुमारास जेरी हार्वी नावाच्या साऊंड इंजिनिअरनं व्हॅन हॅलन या अमेरिकन बँडच्या ड्रमरसाठी तो स्पीकर कानातच बसवून दिला आणि तिथून हा प्रकार फोफावला. यातल्या बऱ्याच मॉनिटरांत जो बारीक स्पीकर असतो तो मुळात श्रवणयंत्रांसाठी तयार झालेला. सर, तुमच्या कानात जे आहे आणि माझ्या कानात जे असतं, ती चुलतभावंडं आहेत. आता हे मॉनिटर घरी गाणी ऐकायलाही लोक घेतात आणि त्याची वायर काढून दुसरी लावता येते. इथूनच सगळा नाद सुरू होतो. पाचशेपासून पन्नास हजारांपर्यंत वायरी मिळतात. तांब्याची, चांदीची, चांदीचा मुलामा दिलेली, आठ पदरी, सोळा पदरी. वेणीसारख्या विणलेल्या असतात, दिसतात फार सुरेख.

मला हे घ्यायचं कारण माझे बाबा. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्यांना नर्सीला सप्ताहात भजन म्हणताना ऐकलंय. त्यांच्या अकरा कॅसेट माझ्याकडं आहेत. एका लहानशा टेपरेकॉर्डरवर, पखवाजाच्या शेजारी ठेवून भरलेल्या. बाबा गेल्यावर मी ठरवलं, या कॅसेट संगणकावर घ्यायच्या, खरखर काढायची आणि भावंडांना द्यायच्या. त्यासाठी नऊ हजारांचे इन-इअर मॉनिटर घेतले. रात्री सगळे झोपले की कानात घालायचे आणि बाबांचा आवाज साफ करत बसायचं. दोन महिने हेच चाललं होतं.

आता एक तांत्रिक गोष्ट, तेवढी लक्षात ठेवा. हे रेकॉर्डिंग मोनो आहे. म्हणजे एकच माईक, दोन्ही कानांत तंतोतंत एकच आवाज. असा आवाज इअरफोनवर ऐकला की तो डावीकडून येत नाही, उजवीकडूनही येत नाही. बरोबर डोक्याच्या मधोमध, कपाळाच्या मागं कुणी उभं राहून गातंय असं वाटतं. बाबा तिथं होते.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात एका गुरुवारी सकाळी उठले, कानात मॉनिटर घातले, आणि बाबा उजवीकडं सरकले होते.

मी इंजिनिअर. पहिला विचार काय आला? डावीकडची वायर गेली. सर्दी होऊन गेली होती, कान जरा भरल्यासारखा वाटत होता, बारीक शिट्टीसारखा आवाजही येत होता. पण सर्दीत होतंच असं म्हणून तिकडं लक्ष दिलं नाही. मॉनिटरच्या तोंडावरची जाळी ब्रशनं साफ केली, कारण एका बाजूचा आवाज कमी येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जाळीत अडकलेला मळ. फरक नाही. मग वायर शोधायला लागले. आणि शोधायला लागले म्हणजे काय, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. दहावीला भूमितीची एक वही तीनदा फाडून लिहिणारी मी.

पुढचे अठरा दिवस मी जे शिकले ते आता सांगते, कारण ते खोटं नाही. तुमची मुलंही यावर पैसे घालवत असतील.

वायर निवडताना पहिली गोष्ट, तिची मॉनिटरमध्ये जाणारी पिन. दोन प्रकार जास्त चालतात. एक दोन काड्यांची टू-पिन, दुसरी गोल, बटणासारखी टच्‌ करून बसणारी एमएमसीएक्स. टू-पिनमध्येही ०.७८ मिलिमीटर आणि ०.७५ मिलिमीटर असे दोन भाऊ आहेत. जाड काडी बारीक भोकात दाबून बसवली तर बसते, पण भोक कायमचं सैल होतं. मग जुनी वायर घालायला गेलात तर ती गळून पडते. शिवाय टू-पिन उलटी बसू शकते. एका बाजूची उलटी बसली तर एका कानात पडदा पुढं जातो तेव्हा दुसऱ्या कानात मागं येतो. खर्ज विरळ होतो आणि मधोमध असलेला आवाज डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटतो. माझी पहिली नवी वायर, १,८०० रुपयांची, मी घाईत अशीच उलटी घातली होती. बाबा उजवीकडं तर होतेच, आता धुक्यातही गेले. एक रात्र मी त्यातच घालवली.

दुसरी गोष्ट, फोनकडचं टोक. साधा जॅक ३.५ मिलिमीटरचा. दुसरा ४.४ मिलिमीटरचा, ज्याला बॅलन्स्ड म्हणतात, हा २०१६ साली जपानी उद्योगसंघटनेनं प्रमाण म्हणून ठरवला. तुमच्या यंत्राला तसं भोकच नसेल तर ती वायर शोभेची. आणि ४.४च्या भोकात कन्व्हर्टर लावून ३.५ची वायर घालू नका. दोन्ही बाजूंची ऋण टोकं एकमेकांना चिकटतात आणि अ‍ॅम्प जळू शकतो. या बॅलन्स्ड बाजूनं आवाज 'खुलतो' असं लोक सांगतात. पुष्कळदा त्या बाजूनं व्होल्टेज जास्त येतं, म्हणजे आवाज मोठा होतो, आणि थोडा मोठा आवाज माणसाला नेहमी जास्त गोड वाटतो. दुकानात दोन टेपरेकॉर्डर ऐकवताना विकायचा तो दोन घरं जास्त फिरवलेला असायचा, आठवतंय?

तिसरी गोष्ट म्हणजे धातू, आणि इथं सगळ्यात जास्त पैसा जातो. नववीत सरांनी रोध शिकवला होता. चांदी तांब्यापेक्षा चांगली वाहक आहे, हे खरं. किती चांगली? पाच-सहा टक्के. तेवढा फरक तांब्याची तार जरा जाड घेतली की भरून निघतो. मी मल्टिमीटर लावून माझ्या मूळ वायरीचा जाऊन-येऊन रोध मोजला, तो अर्धा ओहम. दुसरी वायर घेतली ती ६,५०० रुपयांची, चांदीच्या मुलाम्याची. तिचा भरला ०.३ ओहम. माझ्या मॉनिटरचा स्वतःचा रोध ३२ ओहम. हिशोब केला तर आवाजातला फरक येतो डेसिबलचा विसावा भाग. माणसाच्या कानाला साधारण एक डेसिबल बदलला तर जाणवतं. म्हणजे सहा हजार पाचशे रुपये देऊन मी जे घेतलं ते ऐकू येण्याच्या पलीकडचं होतं.

पण वायरीनं कधीच काही होत नाही असं म्हणणारे असतात, तेही चुकतात. काही मॉनिटरांत चार-पाच बारीक स्पीकर असतात आणि त्यांचा रोध सुरानुसार बदलतो. एखाद्या पट्टीत ५ ओहम, दुसरीकडं ३० ओहम. अशा मॉनिटरला दोन ओहमची हलकी वायर लावली तर ५ ओहमच्या पट्टीतला आवाज जवळजवळ तीन डेसिबलनं पडतो आणि ३० ओहमच्या पट्टीत अर्ध्या डेसिबलच्या आसपास. हा फरक कुणालाही ऐकू येईल. तेव्हा घेण्याआधी दोन आकडे विचारा, वायरीचा रोध किती आणि मॉनिटरचा कमीत कमी रोध किती. दुकानदारानं पहिला आकडा सांगितला नाही आणि शुद्ध चांदीबद्दलच बोलत राहिला तर चहा पिऊन परत या.

उरलेल्या गोष्टी कुणी मिरवत नाही, पण रोज त्रास किंवा सुख त्याच देतात. ओढणीवर, पदरावर घासली की काही वायरी कानात खर्र-खर्र वाजतात. ती कानामागून घेतली की हे पुष्कळ कमी होतं. वायर कडक आणि जड असेल तर ती मॉनिटरला खाली ओढते, कानातली रबरी टोपी जराशी उचकटते, फट पडते आणि खर्ज निघून जातो. म्हणजे वायरीनं आवाज बिघडला हे खरं, पण तिच्या वजनानं. सोळा पदरी सुरेख वेणी बहुतेक याच कामाची. पाचशे रुपयांची मऊ, हलकी, कानामागं नीट वळणारी वायर आणि कानाच्या मापाची टोपी, एवढ्यात नव्वद टक्के लोकांचं काम भागतं. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम लागून पारदर्शक आवरणातलं तांबं हिरवं पडतं, त्यानं आवाजाला काही होत नाही. देवघरातला तांब्या हिरवा पडतो तसंच ते.

मुलीला बसवून मी परीक्षाही घेतली. ती पाठीमागं वायर बदलायची, मी ओळखायची. दहा वेळा. माझी पाच बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. एवढे हिशोब केले, मल्टिमीटर लावला, मुलीला जागवलं, दोन वायरी घेतल्या. बाबा अजूनही उजवीकडंच. आणि मी तिसरी वायर बघत होते.

त्या रविवारी आपल्या ग्रुपवर गणपतीतल्या कुठल्याशा जुन्या फोटोवरून चर्चा चालली होती. त्यात आपला एक मित्र, ज्याचा हिंगोलीत मंडप आणि साऊंडचा धंदा आहे, तो होता. तुम्ही सगळे त्याच्याकडं बघताय, बघा बघा. तो बारावीला बसला नाही हे आपण सगळे वीस वर्षं चेष्टेत म्हणत आलो. मी त्याला फोन केला, म्हटलं तू रोज वायरींशी झगडतोस, सांग कुठली घेऊ. त्यानं सगळं ऐकून घेतलं. ओहम, मुलामा, पिना, सगळं. मग म्हणाला, 'अगं बाई, ते राहू दे. डाव्याचं उजव्या कानात घालून बघितलंस का?'

नाही बघितलं.

'आमचा एक स्पीकर बारीक वाजला की आम्ही आधी वायरी उलट्या लावतो. बारीकपणा वायरीबरोबर गेला तर वायर, तिथंच राहिला तर स्पीकर. तू कानाचं बघ की.'

फोन चालू ठेवूनच मी दोन्ही मॉनिटर अदलाबदल करून हातानं कानाशी धरले. ते कानामागून वळणारे असल्यामुळं उलटे नीट बसत नाहीत, म्हणूनही मला कधी सुचलं नसावं. बाबा हलले नाहीत. उजवीकडंच. वायर चांगली होती, मॉनिटर चांगले होते.

मी गप्प झाले. तो म्हणाला, 'उद्या डॉक्टरकडं जा. उद्याच. माझ्या भावजीला असंच झालं होतं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. गुरुवारपासून मोजले तर एकोणिसावा दिवस. कानाच्या डॉक्टरांनी पहिली काय वस्तू काढली असेल? नादकाटा. सर, आठवीत तुम्ही प्रयोगशाळेत पाण्याच्या पेल्याला लावून पाणी उडवून दाखवलं होतं तोच. त्यांनी तो वाजवून माझ्या कपाळाच्या मध्यावर टेकवला आणि विचारलं, कुठं ऐकू येतं?

आत्ता सगळ्यांनी एक करा. डाव्या कानात बोट घाला, घट्ट. तोंड मिटून 'म्‌' म्हणा. आवाज कुठं गेला? डावीकडं. बंद केलेल्या कानाकडं. म्हणजे कानात मळ असेल, बोळा असेल, तर कपाळावरच्या काट्याचा आवाज त्या आजारी कानाकडं जातो. मला तो उजवीकडं ऐकू आला. याचा अर्थ डाव्या कानाचा रस्ता मोकळा होता, आतली शीर आणि शंख काम करत नव्हते. मग बंद खोलीत बसवून तपासणी केली, आलेख काढला. डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं, अचानक आलेला मज्जातंतूचा बहिरेपणा. बहुधा एकाच कानाला होतो, तीन दिवसांच्या आत होतो, पुष्कळदा सकाळी उठल्यावर कळतं. कारण बहुतेक वेळा सापडत नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या देतात, आणि त्या जितक्या लवकर सुरू होतील तितका उपयोग. पहिल्या दोन आठवड्यांतला उपयोग सगळ्यात जास्त.

ते दोन आठवडे मी चांदीच्या मुलाम्याची समीक्षा वाचण्यात घालवले होते.

गोळ्या झाल्या, पडद्यातून इंजेक्शनं झाली. खालच्या पट्टीतलं ऐकू यायला लागलं, बरंचसं. वरची पट्टी आली नाही. टाळ मला डावीकडून ऐकू येत नाही, पखवाज येतो. आधी गेले असते तर सगळं परत आलं असतं का, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. काहींचं औषधाशिवाय येतं, काहींचं औषधानंही येत नाही. मी त्यांना दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

दोन कानांचा उपयोग मला आता कळतो. स्वयंपाकघरात उभी असताना मुलीनं हाक मारली तर ती कुठल्या खोलीत आहे ते सांगता येत नाही. आपल्याला दिशा कळते ती दोन्ही कानांत आवाज पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून आणि कमी-जास्त तीव्रतेवरून. वेळेतला फरक जास्तीत जास्त किती, तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. परवा येताना औंढ्याच्या बाजूनं आले. तिथं लायगो उभं राहतंय, तुम्हाला माहीतच आहे, २०१६ साली तत्त्वतः आणि २०२३ साली २,६०० कोटींची मंजुरी मिळालेलं. ते लोकही हेच करणार आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन केंद्रांना दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर पहिल्यांदा जाणवली. तिचा आवाज करून ऐकवला, ३५ हर्ट्‌झपासून २५० हर्ट्‌झपर्यंत चढत जाणारा, क्षणार्धाचा. एका केंद्राला ती दुसऱ्यापेक्षा सात मिलिसेकंद आधी लागली. दोघांनाही लागली म्हणून ती खरी मानली. पण दोनच कान असल्यामुळं उगम आकाशाच्या एका लांबलचक पट्ट्यात कुठंतरी, एवढंच कळलं. आपल्या जिल्ह्यात कान लागला की हा पट्टा आखूड होईल. आपण दहावी झालो तेव्हा हिंगोली जिल्हासुद्धा नव्हता, १ मे १९९९ला झाला. आता इथं आकाशाला कान लावणार म्हणे. माझा एक गेला आणि इथं एक येतोय, असं मी गाडीत नवऱ्याला म्हणाले, तो हसला नाही.

कॅसेटचं काम पूर्ण झालं. शेवटच्या चार मी उजव्या कानानं आणि पडद्यावरच्या आलेखाच्या आधारानं साफ केल्या. फोनच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्याचा तोल बदलायची सोय असते. तो मी डावीकडं बराच सरकवला तर बाबा जवळजवळ मध्ये येतात. भावंडांना दिलेल्या प्रतींत मात्र काही सरकवलेलं नाही, त्यांच्याकडं ते मधोमधच आहेत. वायर मी पुन्हा खोक्यातली जुनीच लावली. ६,५०० रुपयांची मी आज घेऊन आलेय, ती मागच्या रांगेतल्या त्या माणसाला द्यायची आहे. त्याच्याकडं तसे मॉनिटर नाहीत, तो म्हणतो मंडपात दिव्यांची माळ बांधायला वापरीन. वापर बाबा.

आणि सरांनी प्रयोगशाळेतला नादकाटा काढून दिलाय, तो इथं टेबलावर आहे. जेवायला जाताना ज्यांना वाटेल त्यांनी वाजवून कपाळावर टेकवा. मधोमध ऐकू आला तर जेवायला जा. एका बाजूला गेला तर मला किंवा आपल्या बॅचच्या दोन्ही डॉक्टरांपैकी कुणाला तरी सांगा, आणि जेवण झाल्यावर घरी न जाता तपासून घ्यायला जा. बाई, तुम्ही आधी या.